तल्लख, हुशार, चलाख, हजरजबाबी : नेमका फरक काय?

सात_रस्ता

एका निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंच्या मानपत्राचा मजकूर छपाईला जायचा आहे. बुद्धीच्या चपळाईचे शब्द त्यात सढळ हाताने पेरलेत, पण निम्मे तरी चुकीच्या जागी पडलेत अशी शंका आहे. वाक्यं जशीच्या तशी देतो.

१. बाईंचे तल्लख वक्तृत्व सोलापूरकरांच्या परिचयाचे आहे.
२. चाणाक्ष स्मरणशक्तीमुळे त्या प्रत्येक माजी विद्यार्थिनीला नावाने हाक मारतात.
३. संकटसमयी त्यांनी हजरजबाबीने निर्णय घेतले.
४. एक चलाख व हुशार प्रशासक म्हणून त्यांचा लौकिक आहे.
५. त्यांची समयसुचकता वाखाणण्याजोगी आहे.

मुख्य प्रश्न तल्लखचा. समानार्थी शब्दांच्या यादीत हे सगळे एका ओळीत बसवलेले असतात, त्यामुळे कुणीही कुठलाही उचलतो. तल्लख नेमका कशाला लावायचा आणि कशाला नाही? बाकीच्यांबद्दलही सांगा. मानपत्र चौकटीत लागून वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार, म्हणून घाई नको.

---

मुद्रितशोधक

शंका बरोबर आहे. पाचही वाक्यांत काही ना काही चुकलंय.

आधी तल्लख. अर्थ पाठ करण्यापेक्षा तो कुणाच्या शेजारी बसतो ते बघा. तल्लख बुद्धी, तल्लख स्मरणशक्ती, तल्लख मेंदू, तल्लख डोकं हे सगळं कानाला पटतं. तल्लख उत्तर, तल्लख निर्णय, तल्लख भाषण, तल्लख योजना यांतलं एकही पटत नाही. म्हणजे हे विशेषण माणसाच्या आतल्या शक्तीचं आहे, त्या शक्तीतून बाहेर पडलेल्या वस्तूचं नाही. उत्तर चोख असतं, मार्मिक असतं, समर्पक असतं. निर्णय अचूक किंवा तडकाफडकी असतो. वक्तृत्व ओघवतं, प्रभावी, रसाळ असतं. म्हणून पहिलं वाक्य बाद.

माणसाला थेट लावता येतो का? "मुलगी तल्लख आहे" हे चालतं, कारण 'बुद्धीची' हा शब्द त्यात गृहीत असतो. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. तल्लखमध्ये वेग आणि धार दोन्ही लागतात. एकदा सांगितलं की समजलं, आणि समजलं ते स्वच्छ समजलं. दहा वेळा वाचून पहिला नंबर काढणारा मुलगा हुशार म्हणवला जाईल, अभ्यासू तर नक्कीच, पण तल्लख नाही. त्यात कमीपणा काही नाही, तो वेगळा गुण आहे.

आणखी एक खास जागा म्हणजे उतारवय. "वय पंच्याऐंशी, पण स्मरणशक्ती अजून तल्लख" हे मराठीतलं अगदी ठरलेलं वाक्य आहे. तिथे हुशार किंवा चतुर घालून बघा, वाक्य कोलमडतं. उलट तीन वर्षांच्या पोराला कुणी तल्लख म्हणत नाही. ते पोर चुणचुणीत असतं.

---

होटगीकर

तल्लखबद्दल भर घालतो. आपल्या गावात हा शब्द कळायला कोश लागत नाही, एप्रिल-मे पुरतो. उन्हाची तलखी आपण रोज म्हणतो. अंगाची तलखी, जिवाची तलखी हेही. तलखी आणि तल्लख दोन्हींच्या मुळाशी फारसी 'तल्ख' आहे. तिकडे तल्ख म्हणजे कडू, झोंबणारं. उर्दूत आजही 'तल्ख़ी' म्हणजे कडवटपणा: बोलण्यातली तल्ख़ी, नात्यातली तल्ख़ी. मराठीने कडूपणा सोडला आणि झोंबणं ठेवलं. ऊन झोंबतं ती तलखी, बुद्धी झोंबण्याइतकी तेज ती तल्लख.

म्हणून तल्लखला 'तेज' हा शब्द जवळचा वाटतो. तिखट तेज असतं, घोडा तेज असतो, बुद्धीही तेज असते. उलट बाजूचे शब्दही याच घरातले आहेत. बुद्धी मंद असते, आणि आचही मंद असते.

उर्दू मजकुराचं मराठी करणाऱ्यांनी एवढं जपावं: "उन की बातों में तल्ख़ी थी" याचं मराठी "त्यांच्या बोलण्यात तल्लखपणा होता" असं करू नये. कडवटपणा होता, एवढंच.

---

मुद्रितशोधक

@होटगीकर, हा धागा जुळतो. बुद्धीच्या शब्दांकडे असं बघितलं की घोळच संपतो, कारण प्रत्येक शब्दाच्या पोटात एक चित्र आहे. तल्लखमध्ये झोंबणं आहे. कुशाग्रमध्ये टोक आहे, दर्भाच्या पात्याचं. कुश म्हणजे दर्भ, त्याचं अग्र ते कुशाग्र. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्रच दिलंय, 'कुशाग्राच्छः' (५.३.१०५), त्यातून 'कुशाग्रीय' होतं. टोक बुद्धीला असतं, माणसाला नसतं. म्हणून 'कुशाग्र बुद्धी' बरोबर, 'कुशाग्रबुद्धीचा विद्यार्थी' बरोबर, पण 'कुशाग्र विद्यार्थी' कानाला खुपतं.

तैलबुद्धीमध्ये पसरणं आहे. "जले तैलं..." या सुभाषितात पाण्यावरचं तेल, दुष्टाच्या कानी पडलेलं गुपित, सत्पात्री दान आणि प्राज्ञाच्या ठायी शास्त्र या चार गोष्टी आपोआप पसरतात असं म्हटलंय. हे बघायचं असेल तर परातीत स्वच्छ पाणी घ्या, वर टाल्कम पावडर अगदी विरळ भुरभुरा, आणि काडीचं टोक करडईच्या तेलात बुडवून मधोमध टेकवा. पावडर क्षणात कडेकडे सरकते. परात आधीच तेलकट असेल तर मात्र थेंब गोळा होऊन तसाच राहतो. तैलबुद्धी म्हणजे इवलंसं सूत्र मिळालं की सगळा विषय व्यापणारी बुद्धी. तल्लख आणि तैल यांत फरक आहे तो इथे: तल्लख चटकन पकडते, तैल थोडक्यावरून पुष्कळ जाणते.

---

दस्तलेखक_नवीपेठ

'हुशार' कुणी घेतला नाही अजून, तो घेतो. या शब्दाचा जुना अर्थ आमच्या धंद्यात जिवंत आहे.

खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, काहीही काढून वाचा. शेवटी येतं: "...हे राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून दिले असे." इथे 'हुशारी' म्हणजे बुद्धिमत्ता नव्हे. लिहून देणारा शुद्धीवर आहे, काय लिहून देतोय याचं भान त्याला आहे, एवढाच अर्थ. फारसीत 'होश' म्हणजे भान. त्यापासून होशियार, आणि मराठीत हुशार. अशिक्षित माणूसही अक्कलहुशारीने दस्त करतो, आणि नशेतला पदवीधर करू शकत नाही.

हल्ली काही जण नमुना उतरवताना "अक्कल व हुशारीने" असं फोडून लिहितात, कुणी "अक्कलहुशारीने" काढून "बुद्धिमत्तेने" घालतात. दोन्ही करू नये. मुद्दा भानाचा आहे. बुद्धिमत्तेने लिहून दिलं म्हटलं की नेमकी तीच गोष्ट सांगायची राहते जिच्यासाठी ते कलम आहे. 'अक्कलहुशारीने' जुनाट वाटत असेल तर "पूर्ण शुद्धीत व समजून-उमजून" लिहावं.

---

उभा_धागा

सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितोय, घरात तेलुगू, बाहेर मराठी. दस्तलेखकांनी होश काढला म्हणून सांगतो, हा एकच शब्द आपल्या गावात चार भाषांत चार चेहऱ्यांनी फिरतो.

उर्दूत होशियार म्हणजे सावधही आणि चतुरही. मराठीत हुशार म्हणजे मुख्यतः बुद्धीने चांगला. तेलुगूत 'हुषारु' म्हणजे उत्साह, तरतरी. 'हुषारुगा उन्नाडु' म्हणजे पठ्ठ्या खुशीत आहे, जोशात आहे. त्याच्या परीक्षेतल्या गुणांशी काही संबंध नाही. कन्नडचं होटगीकर सांगतील.

तेलुगूत बुद्धीच्या चपळाईला 'चुरुकु' म्हणतात. 'चुरुकैन पिल्लवाडु' म्हणजे चलाख नव्हे, चुणचुणीत पोरगा. भाषांतर करताना इथे हमखास घसरतात.

---

होटगीकर

कन्नडात 'हुषारागिरु' म्हणजे जपून राहा. 'हुषारिल्ला' म्हणजे बरं नाही, तब्येत ठीक नाही. आपल्या भागात 'आराम इल्ला' जास्त ऐकू येतं, पण हुषारिल्लाही सर्वांना कळतं. हुशार मुलगा या अर्थीही कन्नड हुषारु वापरतं, म्हणजे तिन्ही अर्थ एका शब्दात. चुरुकु कन्नडातही आहे, त्याच अर्थाने.

आणि मराठीतही तब्येतीचा अर्थ पूर्ण मेलेला नाही. आजारातून उठलेल्या माणसाबद्दल "आज जरा हुशारी वाटतेय" असं जुनी माणसं म्हणतात. म्हणजे अंगात त्राण आलंय. या वाक्यातली हुशारी तेलुगू हुषारुची सख्खी बहीण आहे.

---

हुरडा_आणि_चटणी

मग मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'हुशार' लिहिणं चूक म्हणायचं का?

---

मुद्रितशोधक

@हुरडा_आणि_चटणी, चूक अजिबात नाही. आज मराठीत हुशारचा पहिला अर्थ तोच आहे आणि शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात, मूळ नाही. अडचण वेगळी आहे. हुशार हा शब्द इतका मोठा झालाय की त्यातून काही कळत नाही. गणितात चांगला तो हुशार, वर्गात पटकन उत्तर देतो तो हुशार, व्यवहार जमतो तोही हुशार. शेऱ्यात नेमकं हवं असेल तर "आकलन जलद आहे", "एकदा सांगितलेलं लक्षात राहतं", "प्रश्न विचारून समजून घेतो" असं लिहावं. पालकांना त्याचा उपयोग होतो.

---

सात_रस्ता

छान चाललंय. पण चलाखचं काय? चौथ्या वाक्यात तो स्तुती म्हणून घातलाय, आणि लिहिणाऱ्यांचं म्हणणं, चलाख म्हणजे चपळ बुद्धीचा, त्यात वाईट काय?

---

विजापूर_वेस

मुळात वाईट काहीच नाही. फारसी 'चालाक' म्हणजे चपळ, अंगाने हलका, वेगवान. मराठीत ते मूळ 'हातचलाखी'त स्पष्ट दिसतं. जादूगाराच्या हातचलाखीत डोकं कमी, बोटांचा वेग जास्त. पण त्याच शब्दात फसवणूकही शिरली, कारण हाताच्या वेगाने डोळ्याला चकवायचं असतं. हिंदी चालाक तर आज जवळजवळ धूर्तच झालाय. मराठी चलाख मध्ये कुठेतरी उभा आहे: "पोरगं चलाख आहे" हे कौतुक असू शकतं, "माणूस चलाख आहे" यात मात्र खिसा सांभाळा असं सुचतं.

म्हणून वापराचा नियम साधा ठेवावा. चलाख लहान मुलाला, खेळाडूला, कथेतल्या कोल्ह्याला. मोठ्या माणसाच्या गौरवात कधीच नाही. आणि प्रशासकाला तर मुळीच नाही, ज्याच्या हातातून शाळेचा पैसा जातो. तिथे 'कार्यक्षम', 'धोरणी', 'दक्ष' यांतलं निवडा.

असाच दुसरा सांभाळायचा शब्द 'शहाणा'. मूळ सज्ञान, म्हणजे चांगलाच. गावाकडच्या बोलीत तो शाणा होतो, कन्नड बोलीतही 'शाण्या' म्हणून गेलाय. पण "लई शाणा हायस बे" हे ज्याने ऐकलंय त्याला पुढे काय होतं ते ठाऊक आहे. अतिशहाणा, दीडशहाणा असे जोडशब्द झाले की स्तुती संपलीच. 'शहाणपण' हे नाम मात्र अजून स्वच्छ राहिलंय.

---

कन्नाचौक

माझ्या मते चाणाक्षही त्याच रांगेत बसवा. चाणाक्ष म्हटलं की डाव, राजकारण, कावा आठवतो.

---

मुद्रितशोधक

@कन्नाचौक, इथे सहमत नाही. चाणाक्षमध्ये कावा नाही, आरपार बघणं आहे. समोरच्याने जे सांगितलं नाही तेही ज्याला कळतं तो चाणाक्ष. "चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल" असं लेखक लिहितो तेव्हा तो वाचकाला लबाड म्हणत नसतो, ओळींमधलं वाचणारा म्हणत असतो. चाणाक्ष ग्राहक, चाणाक्ष तपास अधिकारी, चाणाक्ष नजर हे सगळं गौरवाचंच. कावा हवा असेल तर मराठीकडे धूर्त, बेरकी, बिलंदर, इरसाल अशी भरपूर सोय आहे, आणि त्यातही बेरकीला गावाकडचा वास आहे, धूर्तला नाही.

पण चाणाक्ष स्मरणशक्ती होत नाही. स्मरणशक्ती साठवते, ओळखत-हेरत नाही. तिथे तल्लखच हवा. गंमत बघा, पहिल्या वाक्यातून काढलेला तल्लख दुसऱ्यात चपखल बसतो.

---

कन्नाचौक

वाचकांचं उदाहरण पटलं. तरी सांगतो, "चाणाक्ष व्यापारी" म्हटल्यावर दहापैकी काही जणांना तरी तो नफेखोर वाटेल. म्हणजे कुणाबद्दल बोलतोय त्यावर रंग बदलतो, एवढं मान्य करा.

---

मुद्रितशोधक

एवढं मान्य.

---

उभा_धागा

आता तिसरं वाक्य. "हजरजबाबीने निर्णय घेतले" यात दोन चुका एकावर एक आहेत.

पहिली व्याकरणाची. हिंदी-उर्दूत माणूस 'हाज़िरजवाब' आणि त्याचा गुण 'हाज़िरजवाबी'. मराठीत मात्र माणूसच 'हजरजबाबी', म्हणून गुणाला पुढे 'पणा' लावावा लागतो: हजरजबाबीपणा. 'त्यांच्या हजरजबाबीचे किस्से' हे हिंदीवरून आलेलं, मराठीत 'हजरजबाबीपणाचे किस्से'. आणि ब लिहा, व नको. मराठीने जवाबचा जबाब केला: पोलिसांपुढचा जबाब, जबाबदार, हजरजबाबी. लाजवाबमध्ये व राहिला, कारण तो शब्द आपल्याकडे उशिरा आणि तयार आला असावा.

दुसरी चूक अर्थाची. शब्दातच जबाब आहे. समोरून काहीतरी बोललं गेलं पाहिजे आणि उत्तर तोंडातूनच आलं पाहिजे. आग लागल्यावर मुलांना बाहेर काढणं हा हजरजबाबीपणा होत नाही. ते प्रसंगावधान.

मागावरचं उदाहरण देतो म्हणजे फरक डोळ्यासमोर येईल. यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा डावी-उजवीकडे पळत असतो. आडवा धागा तुटला की बहुतेक माग आपोआप थांबतो. पण साध्या मागावर उभा धागा तुटला तर माग थांबत नाही, कापडात उभी रेघ पडत जाते. ती चार मागांवर फिरत असताना लांबून टिपणं ही तयार नजर. आता धोटा उभ्या धाग्यांच्या मधोमध अडकला आणि अशा वेळी माग आपोआप थांबवणारी अडकण चालली नाही, तर एका ठोक्यात शेकडो धागे तुटतात. आवाज बदलताच कामगाराचा हात मुठीवर जातो आणि माग थांबतो. हे प्रसंगावधान. त्याला कुणी तल्लख म्हणत नाही, हजरजबाबी तर नाहीच. आणि तुटलेले धागे भराभर सांधतो त्याचा 'हात बसलेला' असतो. तीन गुण, तीन शब्द, एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

---

होटगीकर

प्रसंगावधान आणि समयसूचकता यांतही थोडं अंतर आहे. वर्तमानपत्रं दोन्ही एकाच बातमीत वापरतात: मथळ्यात "चालकाच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला", आत "चालकाने समयसूचकता दाखवत...".

प्रसंगावधानाला प्रसंग लागतो, म्हणजे बाका प्रसंग, धोका. त्यात भान न सुटणं हा गाभा. समयसूचकतेला धोका लागत नाही, वेळ लागते. सभेत दोन वक्ते हमरीतुमरीवर आले आणि सूत्रसंचालकाने नेमक्या क्षणी चहाची घोषणा केली, ही समयसूचकता. तिथे प्रसंगावधान म्हटलं तर जरा जड होतं, पण चूक नाही. उलट करून बघा: बसचे ब्रेक निकामी झाल्यावर चालकाने गाडी मातीच्या ढिगाऱ्यावर घातली. समयसूचकता म्हटलं तर फार हलकं पडतं.

क्रियापदं पण ठरलेली आहेत. प्रसंगावधान राखतात किंवा दाखवतात. ठेवत नाहीत, वापरत नाहीत. "प्रसंगावधानाचा वापर करून" हे भाषांतरित मराठी आहे.

शेजारच्या भाषांनी इथे काय केलंय तेही बघण्यासारखं आहे. कन्नड म्हणते समयप्रज्ञे, तेलुगू म्हणते समयस्फूर्ति. तिघींनी समय घेतला. एकीने त्याला सूचना जोडली, एकीने प्रज्ञा, एकीने स्फूर्ती. उर्दूने वेगळी वाट धरली, हाज़िरदिमाग़ी. म्हणजे जबाब हजर असेल तर हाज़िरजवाबी, डोकं जागेवर असेल तर हाज़िरदिमाग़ी. आपण पहिला घेतला, दुसरा घेतला नाही, बहुधा प्रसंगावधान आपल्याकडे होता म्हणून. रोजच्या बोलण्यात लोक 'प्रेझेन्स ऑफ माइंड' म्हणतात, त्याचं काम हा शब्द पूर्ण करतो.

---

उभा_धागा

अवधान शब्द आला म्हणून तेलुगूतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अवधान म्हणजे एकाग्र लक्ष. सावध, सावधान यांत तोच आहे, स-अवधान. लग्नात 'शुभमंगल सावधान' म्हणतो ते लक्ष द्या या अर्थी.

तेलुगूत अष्टावधान नावाचा साहित्यिक प्रकार आहे. कन्नडातही होतो. एक अवधानी मध्ये बसतो, समोर आठ पृच्छक. एक जण समस्या देतो, म्हणजे पद्याची शेवटची ओळ, आणि आधीच्या ओळी रचून ती अर्थपूर्ण करायची. एक जण दत्तपदीत चार शब्द देतो, प्रत्येक चरणात एक बसवायचा. निषिद्धाक्षरीत अवधानीने एक अक्षर उच्चारलं की पृच्छक पुढचं अक्षर मना करतो, आणि ते टाळून पद्य पुढे न्यायचं. अवधानी प्रत्येक फेरीत एकेकाला एकच चरण देतो आणि पुढच्याकडे वळतो, चार फेऱ्यांत पद्यं पुरी होतात. शेवटी धारणा, म्हणजे सगळी पद्यं एकदम म्हणून दाखवायची.

या सगळ्यात एक पृच्छक नुसता विघ्न आणायला बसवलेला असतो. त्या अंगाला 'अप्रस्तुतप्रसंगम्' म्हणतात. तो मध्येच काहीही विचारतो: जेवायला काय होतं, पाऊस का पडत नाही, घरात कुणाचं चालतं. अवधानीने चरण न विसरता त्याला झटकन, सभा हसेल असं उत्तर द्यायचं.

आपल्या प्रश्नासाठी यापेक्षा चांगली फोड मला माहीत नाही. निषिद्धाक्षरीला तल्लख बुद्धी लागते. अप्रस्तुतप्रसंगाला हजरजबाबीपणा. धारणेला तल्लख स्मरणशक्ती. आणि आठही जणांना एकत्र सांभाळायला अवधान. मराठीत एकाच वेळी चार कामं बघणाऱ्याला आपण अष्टावधानी म्हणतो तो शब्द बरोबरच आहे, फक्त त्यामागे एवढी मेहनत आहे हे माहीत असावं.

---

हुरडा_आणि_चटणी

हजरजबाबी उत्तराला विनोद हवाच का? तेनाली, बिरबल सगळे हसवतात.

---

विजापूर_वेस

विनोद हवाच असं नाही, पण उत्तर बिनतोड हवं. नुसतं पटकन उत्तर देणारा हजरजबाबी ठरत नाही. "सात गुणिले आठ?" "छप्पन्न." हे जलद आहे, हजरजबाबी नाही. समोरच्याचेच शब्द उलटवून, त्याला पुढे बोलायला जागा न ठेवणारं उत्तर हवं. दुसरी अट अशी की उत्तर तयार करून आणलेलं नसावं. भाषणात पाठ केलेला कोटीबाज किस्सा सांगणारा विनोदी असेल, हजरजबाबी नव्हे. आणि उत्तराने समोरचा दुखावला गेला तर तो गुण राहत नाही, लोक मग फटकळ म्हणतात.

तेनाली रामकृष्णाला तेलुगूत 'विकटकवि' म्हणतात. उलटीकडून वाचा, तेच येतं.

---

मुद्रितशोधक

संस्कृतात या सगळ्यासाठी 'प्रत्युत्पन्नमती' आहे: समोर प्रसंग आला की त्याच क्षणी जिची बुद्धी उपजते अशी व्यक्ती. महाभारताच्या शांतिपर्वात आणि पंचतंत्रात तीन माशांची गोष्ट आहे, त्यातला हा मधला मासा. अनागतविधाता संकट येण्याआधीच तळं सोडतो. महाभारतातला प्रत्युत्पन्नमती जाळ्यात सापडतो, पण कोळी मासे दोरीत ओवत असताना ती दोरी तोंडात धरून ओवल्यासारखा राहतो, आणि मासे धुवायला पाण्यात घातल्यावर सोडून पळतो. तिसरा, दीर्घसूत्री, विचार करत बसतो आणि मरतो. म्हणजे आपला प्रसंगावधानी याचाच वंशज. मानपत्रात मात्र हा शब्द नको, वाचताना अडखळायला होतं.

आता शुद्धलेखन, कारण छपाईत मार इथेच बसतो.

समयसूचकता, सू दीर्घ. सूचना, सूचक, सूचकता. तुमच्या पाचव्या वाक्यात ऱ्हस्व पडलाय.
प्रसंगावधान, गा ला काना. 'प्रसंगवधान' असं छापलेलं पुष्कळ दिसतं.
चाणाक्ष, ण ला काना. 'चाणक्ष' नाही.
तल्लख, शेवटी ख. 'तल्लक' चूक.
बुद्धी, मती हे शब्द शेवटी आले की दीर्घ: तैलबुद्धी, प्रत्युत्पन्नमती. समासात आधी आले की ऱ्हस्व: बुद्धिमत्ता, बुद्धिमान, मतिमंद. १९६२ च्या नियमांपासून हेच चालू आहे. द ला ध जोडायच्या ऐवजी ध ला द जोडला की 'बुध्दी' होतं, ते तपासा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला की हे जोडाक्षर उलटतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

---

सात_रस्ता

सगळ्यांचे आभार. सुधारलेली वाक्यं देतो, एकदा नजर टाका.

१. बाईंचे ओघवते वक्तृत्व आणि त्यांचा हजरजबाबीपणा सोलापूरकरांच्या परिचयाचा आहे.
२. तल्लख स्मरणशक्तीमुळे त्या प्रत्येक माजी विद्यार्थिनीला नावाने हाक मारतात.
३. संकटसमयी त्यांनी प्रसंगावधान राखून निर्णय घेतले.
४. एक दक्ष व कार्यक्षम प्रशासक म्हणून त्यांचा लौकिक आहे.

पाचवं वाक्य काढलंय, तिसऱ्यात प्रसंगावधान आल्यावर त्याची गरज वाटली नाही.

---

होटगीकर

पाचवं काढलंत ते बरं केलंत.

---

मुद्रितशोधक

पहिल्यात दोन गोष्टी आहेत, वक्तृत्व आणि हजरजबाबीपणा. म्हणून "परिचयाचा आहे" नाही, "परिचयाची आहेत"ही कानाला बरं लागत नाही. असं करा: "बाईंच्या ओघवत्या वक्तृत्वाची आणि हजरजबाबीपणाची सोलापूरकरांना चांगली ओळख आहे." बाकी तीन जशीच्या तशी छापायला द्या. मुद्रित आलं की बुद्धी शब्दाची जोडाक्षरं भिंगाखाली बघा.